वडगावचा भात, राहुरीचं विद्यापीठ

पुण्यातल्या कुठल्याही वाण्याकडे जाऊन रोजच्या भातासाठी तांदूळ मागा, तो पहिलं नाव घेईल इंद्रायणीचं. शिजल्यावर मऊ, किंचित चिकट, झाकण काढलं की स्वयंपाकघरभर वास. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या दोन वाणांच्या संकरातून तो घडला. वास आंबेमोहोराचा आणि उतारा आयआर ८ चा, असा तो हिशोब होता. १९८७ साली वाण शेतकऱ्यांच्या हाती आला आणि बघता बघता मावळातून बाहेर पडून घाटावरच्या निम्म्या स्वयंपाकघरांत पोचला.

हा वाण महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा. विद्यापीठ राहुरीला आहे. राहुरी म्हणजे मुळा धरणाच्या कालव्यांवरचा उसाचा पट्टा, भाताचा मुलूख नव्हे. इंद्रायणी तिथे झालाच नाही. तो झाला वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात, इंद्रायणी नदीच्या खोऱ्यात, जिथे पाऊस कोसळतो, खाचरं भरतात आणि आंबेमोहोर पिढ्यान् पिढ्या लावला जात होता. नावसुद्धा त्याला तिथल्याच नदीचं मिळालं. पुणे-मुंबई रस्त्यावरून रोज हजारो गाड्या वडगाववरून जातात. आपल्या ताटातला भात इथे तयार झाला, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाची मुख्य परिसरापासून लांब असलेली ठिकाणं हा माझ्या आस्थेचा विषय आहे. कुठे त्यांना उपकेंद्र म्हणतात, कुठे उपपरिसर, कृषी विद्यापीठात संशोधन केंद्र. पाटी वेगळी असली तरी प्रश्न एकच असतो: ही जागा मुख्य परिसराची लहान प्रत म्हणून चालवायची, की तिथे जे होऊ शकतं आणि दुसरीकडे होऊच शकत नाही त्यासाठी? वडगावने त्याचं उत्तर फार पूर्वी दिलेलं आहे. आपल्या इतर विद्यापीठांनी ते अजून नीट ऐकलेलं नाही.

कागदावर क्रम असा दिसतो की आधी विद्यापीठ आणि मग त्याची केंद्रं. शेतीच्या बाबतीत तो उलटा आहे. रब्बी ज्वारीची मालदांडी ३५-१ ही निवड १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतूनच झाली. आजही ज्वारीची भाकरी चांगली की वाईट हे आपण मालदांडीशी तुलना करूनच ठरवतो. नीरा कालव्याच्या पट्ट्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२चं. चोपण जमिनीतही तग धरणारा फुले २६५ हा ऊस तिथलाच. रत्नागिरीजवळ भाट्याचं नारळ संशोधन केंद्र १९५५चं, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७चं. आणि राज्यातलं पहिलं कृषी विद्यापीठ स्थापन झालं १९६८ साली. सगळ्या महाराष्ट्रासाठी ते एकच होतं. एका विद्यापीठाने कापसाचा, ज्वारीचा, उसाचा आणि हापूसचा असे चारही प्रदेश सांभाळावेत ही कल्पना दोन वर्षंही टिकली नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासाठी लोक आधीच रस्त्यावर उतरले होते, गोळीबारात माणसं गेली होती. १९६९ साली अकोल्याचं विद्यापीठ झालं आणि १९७२च्या मे महिन्यात परभणी आणि दापोली ही दोन्ही झाली. म्हणजे दापोलीचं विद्यापीठ जन्माला आलं तेव्हा त्याची वेंगुर्ल्याची आणि भाट्याची केंद्रं कळती झालेली होती.

वेंगुर्ल्यावर थोडं थांबायला हवं. हापूसचं दुखणं बागायतदाराला विचारा, तो साक्याचं नाव घेईल. वरून फळ देखणं, पिवळंधमक, आणि कापल्यावर कोयीलगतचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट. गिऱ्हाईक एकदा फसलं की पुढच्या हंगामाला परत येत नाही. वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना काढला. त्यात साका होत नाही. तो १९८१ साली प्रसारित झाला. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली सिंधू आला, त्याची कोय इतकी पातळ की असून नसल्यासारखी. काजूत वेंगुर्ला-१, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशी रांगच आहे. कोकणातल्या कातळावर आज ज्या काजूच्या बागा उभ्या आहेत, त्यांतल्या कितीतरी या कलमांच्या आहेत. गावाच्या नावापुढे आकडा लावून वाण ओळखला जातो. विद्यापीठाचं नाव दापोलीच्या फाटकावर आहे आणि केंद्राचं नाव शेतकऱ्याच्या तोंडी.

याच विद्यापीठाचं पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र बघा. भरतीचं पाणी शिरून खारावलेल्या जमिनीत कोणता भात येईल हे शोधायचं, तर खारावलेली जमीनच हवी. दापोलीच्या डोंगरावर ती कुठून आणणार? पनवेल-१, २, ३ हे भात त्या मातीनेच पारखून दिले. कृषी विद्यापीठांना लांबची केंद्रं नीट चालवावी लागली, कारण माती प्रवास करत नाही. तिथे जाऊनच काम करावं लागतं.

आता दुसऱ्या विद्यापीठांकडे वळू. त्यांची गोष्ट नेमकी याच्या विरुद्ध टोकाला सुरू होते.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेलं. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, शिकवायचं महाविद्यालयांनी. कराचीपासून धारवाडपर्यंत त्याचा अंमल होता. सिंध, गुजरात, कर्नाटक, देश आणि कोकण या साऱ्यांना एकच विद्यापीठ. त्याला वर्गखोल्या नव्हत्या, त्यामुळे जवळ-लांबचा प्रश्न फक्त प्रश्नपत्रिकेपुरता होता. राजाबाई टॉवर १८७८ साली उभा राहिला तेव्हाही त्या सुंदर इमारतीखाली ग्रंथालय होतं, वर्ग नव्हते. विद्यापीठाने स्वतः शिकवायला घेतलं ते बऱ्याच उशिरा. समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला. म्हणजे स्थापनेनंतर साठ वर्षं उलटून गेल्यावर.

या परीक्षाकेंद्री घडणीचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. बी.ए., बी.एस्सी. गावातल्या महाविद्यालयात होतं. एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी. मात्र विद्यापीठाच्या विभागात, म्हणजे विद्यापीठाच्या शहरात. आता बऱ्याच महाविद्यालयांना पदव्युत्तर वर्ग मिळाले आहेत, पण कित्येक दशकं पदवीनंतरची पायरी चढायची तर गाव सोडावं लागत होतं. विद्यापीठं फुटत गेली ती याच कारणाने, आणि अर्थातच प्रादेशिक अस्मितेनेही. नागपूर १९२३, पुणे १९४९, मराठवाडा १९५८, शिवाजी १९६२, अमरावती १९८३, जळगाव १९९०, नांदेड १९९४. मुंबईच्या हाती शेवटी उरली ती मुंबई आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची किनारपट्टी.

फुटण्याच्या आधीची एक अवस्था होती, पदव्युत्तर केंद्राची. तिच्याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही. गोवा १९६१च्या डिसेंबरात मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन उभी राहिली. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात ज्या भूमीला स्वतःचं विद्यापीठ मिळालं नव्हतं, तिथे मुंबई विद्यापीठाने पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधनाचं केंद्र काढलं. मुंबई विद्यापीठाची ही फार मोठी कामगिरी होती असं मला वाटतं, आणि मुंबईकरांना तिची आठवणही नाही. त्या केंद्रात तयार झालेली माणसं, त्याची पुस्तकं, त्याचे विभाग हे सगळं घेऊन १९८५च्या जूनमध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं. ताळगावच्या पठारावरचं आजचं विद्यापीठ त्या केंद्राच्या पायावर उभं आहे.

सोलापुरातही तसंच झालं. शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र पुणे रस्त्यावर केगावला होतं. कोल्हापूरहून ते दोनशे किलोमीटरांच्या पुढे. सोलापूरचा दुष्काळी मुलूख, गिरणगाव, कानडी-तेलुगू-मराठी अशी तीन भाषांची वस्ती, यातलं काहीच कोल्हापूरच्या उसाच्या समृद्धीशी जुळणारं नव्हतं. १ ऑगस्ट २००४ रोजी त्याच जागेवर सोलापूर विद्यापीठ झालं, एकाच जिल्ह्यासाठीचं. पुढे त्याला अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. केंद्र आधी, विद्यापीठ नंतर, हा वेंगुर्ल्यासारखाच क्रम इथेही.

पण ज्यांना वेगळं व्हायचं नाही, किंवा होता आलेलं नाही, त्यांचं काय? माझा खरा प्रश्न त्यांच्याबद्दल आहे.

मुंबई विद्यापीठाचा रत्नागिरी उपपरिसर शहरालगत मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आहे. विद्यापीठाच्या कलिन्याच्या मुख्य परिसरापासून तो सव्वातीनशे किलोमीटरांहून लांब. याच विद्यापीठाचे ठाणे आणि कल्याण इथेही उपपरिसर आहेत. तिघांसाठी शब्द एकच. ठाण्याचा विद्यार्थी मनात आलं तर लोकलने कलिन्याला जाऊन संध्याकाळी घरी परत येतो. लांज्याच्या मुलीला कलिन्यातल्या एका खिडकीवर एका सहीसाठी उभं राहायचं तर रात्रीची एसटी, दिवसभराची रांग आणि पुन्हा रात्रीची एसटी. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली म्हणून प्रवास थोडा सुसह्य झाला इतकंच.

कोकणाच्या बाबतीत दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघावेत. शालान्त परीक्षेचं कोकण विभागीय मंडळ वेगळं झालं तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात ते राज्यात सतत पहिलं येत आलं आहे. दरवर्षी वर्तमानपत्रात तोच मथळा येतो, त्यात मुलीच पुढे. आणि जनगणना सांगते की २००१ ते २०११ या दहा वर्षांत सारा देश वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्ग सुमारे ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. शाळेत राज्यात पहिली येणारी मुलं पुढच्या चार-पाच वर्षांत जातात कुठे, याचं उत्तर या दुसऱ्या आकड्यात आहे. चाकरमान्यांचा मुलूख ही आपण कौतुकाने घेतलेली ओळख आहे. तिच्यामागे किती बंद घरं आहेत ते गणपती संपल्यावर दिसतं.

तिसरा आकडाही त्याच जनगणनेतला. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुलगे मुंबईला जातात, बायका मागे राहतात. शिकायची इच्छा असलेली मुलगीही बहुतेक वेळा मागेच राहते. मुलाला मुंबईत काकाच्या चाळीत, मामाच्या खोलीत अंथरुणापुरती जागा मिळते. मुलीला पाठवताना घरात चार बैठका होतात आणि पाचवीत बेत रद्द होतो. म्हणून रत्नागिरीतला उपपरिसर हा त्या मुलीसाठी सोयीचा पर्याय नसतो, तिच्यापुढचा एकमेव पर्याय असतो. ती एम.एस्सी. करील की नाही हे तिच्या गुणांवर जितकं अवलंबून आहे, तितकंच तिच्या गावातून सकाळी सातला निघणारी गाडी उपपरिसराच्या फाटकाशी वेळेत पोचते की नाही यावर.

एसटीने विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत दिली आहे, मार्च २०२३पासून सगळ्याच महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. जुलै २०२४मध्ये सरकारने ठराविक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं. हे सगळं चांगलं आहे. पण मुंबईत राहण्या-जेवण्याचा खर्च शुल्कापेक्षा मोठा असतो आणि तो कुठल्याच शासन निर्णयात मावत नाही. चाळीस किलोमीटरांवर वर्ग असेल तर तो खर्चच उरत नाही. सवलतींच्या यादीत उपपरिसराचं नाव कधी घेतलं जात नाही, पण माझ्या मते मुलींसाठी सगळ्यांत मोठी सवलत तीच आहे.

मग या उपपरिसरांत गेल्यावर काय दिसतं? राज्यात ठिकठिकाणी दिसणारं चित्र साधारण एकसारखं आहे. इमारत बरी असते, कधी कधी नवीकोरी. उद्घाटनाची कोनशिला असते. अभ्यासक्रम बहुतेक स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शुल्कातून त्यांनी आपला खर्च भागवायचा. कायम नेमणुकीचे प्राध्यापक बोटांवर मोजण्याइतके आणि बाकीचा भार घड्याळी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर. तासाला ठरलेलं मानधन, शैक्षणिक वर्षापुरती नेमणूक, सुट्टीत काही नाही. ही माणसं पात्रताधारक असतात. नेट, सेट, पीएच.डी. होऊनही दोन-दोन ठिकाणी तास घेत फिरतात आणि तरीही मनापासून शिकवतात. मी अशा शिक्षकांशी बोललो आहे. त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो आणि त्यांना असं वागवणाऱ्या व्यवस्थेची चीड येते. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने दहा वर्षांचं संशोधन कसं हाती घ्यावं? विद्यार्थ्याच्या पीएच.डी.ची जबाबदारी कशी घ्यावी?

निर्णयाचा प्रश्न वेगळाच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७पासून लागू झाला. त्यात विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांमध्ये उपपरिसराच्या संचालकाचं पद स्पष्टपणे धरलं आहे. कायद्याने हे ओळखलं ही महत्त्वाची गोष्ट आहे. पण अधिकारी असणं आणि अधिकार असणं यांत अंतर राहतं. प्रयोगशाळेतलं उपकरण बंद पडलं तर दुरुस्तीचा प्रस्ताव मुख्य परिसरात जाणार असेल, नवा विषय सुरू करायचा तर तिथल्याच मंडळांपुढे वर्षभर रांगेत उभं राहावं लागणार असेल, गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायचं अंतिम टेबल तिथेच असेल, तर संचालकाचं काम पत्रं पुढे पाठवण्यापुरतं उरतं.

मुख्यालयाच्या हातात सगळं एकवटलं की काय होतं याचा एक मोठा अनुभव मुंबई विद्यापीठाने २०१७ साली घेतला. उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं. लाखो उत्तरपत्रिका, घाईने बसवलेली यंत्रणा. निकाल महिनोन्महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश हुकले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. आठशेच्या आसपास महाविद्यालयं एकाच मुठीत धरण्याची ती किंमत होती. तीच तपासणी टप्प्याटप्प्याने, आधी एखाद्या जिल्ह्यात करून बघितली असती, चूक तिथेच उमगली असती, तर निदान वेंगुर्ल्याच्या मुलाने वांद्र्याच्या मुलाइतकेच हाल सोसले नसते.

यावर नेहमीचा उपाय सुचवला जातो तो नव्या विद्यापीठाचा. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी जुनी आहे आणि तिच्यामागची व्यथा खरी आहे. तरी मी त्या मागणीकडे जरा सावधपणे बघतो. २०११ साली नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे काढून गोंडवाना विद्यापीठ झालं. फार चांगली गोष्ट. पण सिरोंचाहून गडचिरोलीचं मुख्यालय दोनशे किलोमीटरांच्या घरात आहे. वाटेत अहेरी-आलापल्लीचं जंगल, पावसाळ्यात पुराने तुटणारे रस्ते. विद्यापीठ वेगळं झालं आणि सिरोंचाच्या मुलापुढचा प्रश्न जवळपास होता तिथेच राहिला. म्हणूनच गोंडवाना विद्यापीठाने गावातच वर्ग नेण्याचा उपक्रम हाती घेतला, दिवसा कामाला जाणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग. त्या उपक्रमाचं महत्त्व मला नव्या इमारतीपेक्षा जास्त वाटतं. कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा विभाग, अधिसभा असा सगळा डोलारा नव्याने उभा करण्यात दहा वर्षं आणि बराच पैसा जातो, आणि शेवटी नव्या मुख्यालयाचीही लांबची टोकं तयार होतात.

धाराशिवचं उदाहरणही लक्षात घेण्यासारखं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर तिथे २००४पासून आहे. जिल्हा विद्यापीठाच्या मुख्य परिसरापासून अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. केंद्र सरकारने २०१८ साली देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम, गडचिरोली यांच्याबरोबर तेव्हाचा उस्मानाबाद होता. म्हणजे जिथे विद्यापीठाची गरज सगळ्यांत जास्त आहे हे सरकारलाच मान्य आहे, अशा ठिकाणी एक उपपरिसर आधीपासून उभा आहे. दुष्काळ, स्थलांतर, ऊसतोड, तेरसारख्या गावातलं सातवाहन काळापासूनचं पुरातत्त्व, तुळजापूरची यात्रा: समाजशास्त्र आणि इतिहास शिकायला याहून चांगली जागा मला दिसत नाही. मुंबई-पुण्याचे संशोधक पाहणीसाठी दोन दिवस येऊन जातात. तिथला विद्यार्थी त्या प्रश्नातच वाढलेला असतो.

इथे परदेशातली एक ताजी घटना सांगायला हवी, कारण तिची सावली कोकणावर पडू शकते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे परिसर राज्यभर विखुरलेले आहेत. त्यातले कित्येक १९३०च्या महामंदीत सुरू झाले, कोळशाच्या खाणींच्या लहान गावांतून, कारण मुलांना लांब जाऊन राहणं परवडेनासं झालं होतं. मे २०२५मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनी त्यातले सात परिसर २०२७च्या वसंत सत्रानंतर बंद करायचं ठरवलं. लोकसंख्या घटली, विद्यार्थी घटले, खर्च पेलेना. बंद होणाऱ्यांत मॉन्ट अल्टो आहे. ते १९०३ साली वनशास्त्राची शाळा म्हणून सुरू झालं होतं. १९२९ साली विद्यापीठात विलीन झाल्यावर वनशास्त्राचं पुढचं शिक्षण मुख्य परिसराकडे गेलं आणि तिथे प्रामुख्याने सुरुवातीची वर्षं शिकवली जाऊ लागली. ज्या रानासाठी ती शाळा निघाली, ते रान मागे राहिलं आणि विषय निघून गेला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातही लोकसंख्या घटते आहे. मुंबईत जे मिळतं तेच थोड्या कमी दर्जाचं इथे द्यायचं, एवढ्यावर उपपरिसर चालवला तर उद्या पटसंख्येचा तक्ता कुणीतरी पुढे करील आणि आपल्याकडे उत्तर नसेल.

उत्तर वेंगुर्ल्यात आहे. रत्नागिरीत असं काय आहे जे कलिन्यात नाही? समुद्र आहे, खाड्या आहेत, कांदळवनं आहेत. जांभ्याचे सडे आहेत. उन्हाळ्यात काळेकरडे, ओसाड वाटणारे हे सडे पावसाळ्यात फुलांनी भरतात आणि त्यांच्यावरची कितीतरी वनस्पती दुसरीकडे सापडत नाहीत. त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांचं नाव गेलं. ही शिल्पं गावोगाव पायी हिंडून उजेडात आणली ती मुख्यतः स्थानिक हौशी अभ्यासकांनी, स्वतःच्या खिशातले पैसे आणि रविवार खर्च करून. विद्यापीठाने त्यांच्यामागे पुरातत्त्व, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि मराठी असे चार कायम प्राध्यापक उभे केले तर जगातला कुठलाही अभ्यासक सड्यांसाठी रत्नागिरीच्या उपपरिसरात येईल. त्या दिवशी ‘उप’ हा शब्द कुणाच्या ध्यानातही राहणार नाही.

एक आक्षेप मला प्रामाणिकपणे मान्य करायचा आहे. लहान परिसरात विद्यार्थी कमी, चर्चा कमी, मोठं उपकरण नाही, ग्रंथालय तुटपुंजं. पाच विद्यार्थ्यांच्या वर्गात स्पर्धा नसते आणि वरच्या वर्गातल्या मुलांकडून जे शिकायला मिळतं तेही नसतं. हे खरं आहे. म्हणून मी असं म्हणेन की प्रत्येक उपपरिसराने प्रत्येक विषय चालवूच नये. चांगली प्रयोगशाळा देता येत नसेल तर रसायनशास्त्राचा वर्ग उघडणं ही त्या मुलांची फसवणूक आहे. त्यांना एक सत्र मुख्य परिसरात वसतिगृहाच्या हक्काच्या खोलीसह पाठवा. आणि कलिन्याच्या मुलांना एक सत्र रत्नागिरीत पाठवा. जाण्या-येण्याची वाट दोन्ही बाजूंनी चालती असली पाहिजे. आतापर्यंत ती एकाच बाजूने चालत आली आहे.

वेंगुर्ल्याचं केंद्र १९५७ साली सुरू झालं. रत्ना आला १९८१ साली, सिंधू १९९२ साली. आंब्याचं झाड फळावर यायलाच काही वर्षं घेतं, आणि एका संकराची पारख करायला अनेक हंगाम लागतात. त्या पस्तीस वर्षांत केंद्रावर कुणी ना कुणी कायम नेमणुकीवर होतं, ज्याने आधीच्या माणसाची नोंदवही पुढच्याच्या हाती दिली. रत्नागिरीच्या, धाराशिवच्या आणि राज्यातल्या प्रत्येक उपपरिसरातली मंजूर पदं सरकारने भरावीत, तिथल्या संचालकाला खर्चाची आणि प्रमाणपत्रावरच्या सहीची मुभा द्यावी. आणि वाचकांना एक विनंती. आपल्या जिल्ह्यात विद्यापीठाचं उपकेंद्र असेल तर या जूनमध्ये, प्रवेश सुरू असताना, एकदा तिथे जा. तिथे किती शिक्षक कायम आहेत ते विचारा आणि जे उत्तर मिळेल ते आपल्या आमदाराला लेखी कळवा.